घोड्याची झूल आणि कंथकाचा साज

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळातली तरुण मंडळी आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर लिहा. पण खोगीरभरती नको." आम्हाला हसू आले. कारण तेव्हा नेमके खोगिराचेच विचार आमच्या डोक्यात चालले होते.

झाले असे. वर्षावासाच्या आधी विहाराची रंगरंगोटी काढली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची जुनी पेटी खाली उतरवली. पेटीत दोन विटलेले पंचशील ध्वज, पेट्रोमॅक्स बत्तीचा बर्नर, एक फाटके रजिस्टर आणि तळाशी घडी घातलेले निळे जाड कापड निघाले. कापडाला झालर होती, मधोमध पांढऱ्या फितीचे चक्र होते. एक पोरगा म्हणाला, "स्टेजचा पडदा दिसतोय." दुसरा म्हणाला, "फाडून फरशी पुसायला घेऊ." तेवढ्यात वंदनेला आलेल्या आक्का पुढे झाल्या. "अरे हात लावू नका त्याला. ती घोड्याची झूल हाय."

झूल म्हणजे काय, हे त्या पोरांतल्या अर्ध्यांना माहीत नव्हते. दोघातिघांनी कारहुणवीला बैलाच्या पाठीवर बघितली होती तेवढीच. मग कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की ही वस्तू विहारात ठेवायची की नाही. एका शिकलेल्या बांधवाने रोखठोक सांगितले, "घोडा, झूल, कलगी हा सगळा राजेरजवाड्यांचा थाट. बुद्ध विहारात त्याचं काय काम?" प्रश्न चांगला होता. आम्ही त्याला तिथे उत्तर दिले नाही. घरी आलो, चार पुस्तके चाळली, वाचनालयात बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो. आमचे शिक्षण नववी, त्यामुळे पंडितांनी चुकभूल पोटात घालावी.

आधी वस्तू काय ते बघू. घोड्याच्या पाठीवर थर असतात. सगळ्यात खाली घाम टिपणारा जाड थर, त्याला नमदा किंवा खोगीर म्हणतात. त्यावर जीन. जीन जागचे हलू नये म्हणून पोटाखालून तंग आवळतात आणि शेपटीखालून दुमची घेतात. तोंडात लगाम, पाय ठेवायला रिकीब. हे झाले कामाचे सामान. याच्यावरून, किंवा जीन नसेल तर थेट पाठीवर, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत जे शोभेचे कापड पसरतात आणि जे दोन्ही अंगांनी खाली लोंबते, ती झूल. नुसते जिनापुरते झाकण असेल तर त्याला जीनपोस म्हणत. झुलीचे वरचे कापड बनातीचे नाहीतर मखमलीचे, मोठ्या घरी किनखापाचे. खाली अस्तर, कडेने मगजी, मगजीला झालर, कोपऱ्यांना गोंडे. अंगावर कलाबतूची नक्षी, टिकल्या, आरसे.

आमची हयात सुतात गेली, म्हणून मखमलीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या सोलापूरचा टॉवेल आणि राजाच्या घोड्यावरची मखमल ही चुलत भावंडे आहेत. टॉवेलच्या साच्यावर दोन ताणे असतात, एक आवळ आणि एक सैल. सैल ताण्याची बारीक वेटोळी वर उठतात, तो टॉवेल. हीच वेटोळी कापली की मखमलीसारखी लव उभी राहते. आज सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंद आहे. ज्या घरांतून ही मखमलीची भावंडे विणली गेली, त्या घरांत मखमलीची झूल कधी आली नाही, हा भाग निराळा.

आता शब्दांकडे येऊ. झूल हा शब्द ऐकला की झुलणे आठवते, आणि कापड दोन्ही बाजूंनी झुलते, म्हणून झूल हे पटतेही. पण अरबी-फारशीत घोड्यावरच्या कापडाला 'जुल्' असा शब्द आहे. तुर्क-मोगलांच्या पागांबरोबर तो इकडे आला आणि आपल्या झुलण्याला येऊन मिळाला, असे आमचे मत. खोगीर तर सरळ फारशी. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम धरणारे ते खोगीर. कामगाराच्या सदऱ्यालासुद्धा हे नाव शोभले असते! खोगिरात चिंध्या, काथ्या, मिळेल ते कोंबून भरत, म्हणून निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणू लागले. संस्कृतात 'पर्याण' होते, त्याचे प्राकृतात 'पल्लाण' आणि मराठीत 'पलाण' झाले. हत्तीच्या पाठीवरच्या रंगीत कापडाला अमरकोशात 'कुथ', 'परिस्तोम', 'आस्तरण' अशी नावे आहेत. इंग्रजीतला 'कॅपॅरिझन' हा शब्द स्पॅनिशमधून फ्रेंचमार्गे आला, आणि त्याचे मूळ 'कापा' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा या शब्दाशी जोडतात. म्हणजे माणसाचाच अंगरखा घोड्याला चढवला.

सगळ्यात आवडला तो शब्द 'पाखर'. जुन्या काळी लढाईतल्या घोड्याच्या आणि हत्तीच्या अंगावर लोखंडी पत्र्यांचे, कड्यांचे चिलखत घालत, त्याला पाखर म्हणत. प्राकृतात 'पक्खर'. अकबराच्या काळच्या 'आइन-इ-अकबरी'त हत्तीच्या सामानात पाखर आहे आणि त्या पाखरेच्या वरून शोभेसाठी टाकायचे निराळे कापडही आहे. म्हणजे आत लोखंड, वर थाट. आपण आज 'मायेची पाखर' म्हणतो तेव्हा कोंबडीचे पंख डोळ्यांपुढे येतात. आम्हाला मात्र त्यात घोड्याचे चिलखतही दिसते. अंगावर घाव पडू नये म्हणून जी घातली ती पाखर. आणि झुलीचे नशीब बघा. 'पदाची झूल', 'विद्वत्तेची झूल' असे म्हणतो तेव्हा त्यात कुचेष्टाच असते. एकाच घोड्याच्या पाठीवरचे दोन शब्द, एक मायेला लागला आणि एक हिणवायला.

आता विहाराशी याचा संबंध. तो आम्हाला पाली वाङ्मयात सापडला आणि आम्ही थक्क झालो.

सिद्धार्थाचा घोडा कंथक आणि सोबती छन्न हे आपल्या लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहेत. जातकावरच्या अट्ठकथेला जी निदानकथा जोडली आहे, तिच्यात त्या रात्रीचे वर्णन आहे. सिद्धार्थ छन्नाला घोडा तयार करायला सांगतो. छन्न 'अस्सभण्डक' घेऊन पागेत जातो. भण्डक म्हणजे सामान, आपले भांडे तेच. सुगंधी तेलाचे दिवे जळत असतात, वर चांदवा असतो आणि खाली कंथक उभा असतो. छन्न त्याच्यावर साज चढवू लागतो तेव्हा कंथकाच्या ध्यानात येते की आजची कसणी फारच आवळ आहे. बागेत फिरायला जाताना साज असा आवळत नाहीत. म्हणजे आज आपला स्वामी कायमचा निघाला! आणि तो आनंदाने मोठ्यांदा खिंकाळतो.

टांगा हाकलेल्या माणसाला विचारा. तंग किती आवळला यावरून जनावराला पुढचा पल्ला कळतो. ज्याने ही कथा रचली तो भिक्खू असेल, पण घोड्याच्या अंगाला हात लावलेला माणूस तो नक्की होता.

आणि इथे साज चढवण्याला पालीत जो शब्द वापरला आहे तो आहे 'कप्पना'. संस्कृतात 'कल्पना'. होय, तीच आपली कल्पना! अमरकोशातसुद्धा हत्ती सजवण्याला 'कल्पना' आणि 'सज्जना' हे दोन शब्द जोडीने दिले आहेत. कल्पना म्हणजे मुळात नीट रचणे, जुळवणे, तयार करणे. तेच मनात केले की विचार, आणि घोड्याच्या पाठीवर केले की साज. पोरांना शाळेत 'कल्पनाविस्तार' लिहायला सांगतात, तेव्हा ही गोष्ट कुणी सांगत नाही.

एक खुलासा इथे केला पाहिजे. निदानकथा म्हणजे इतिहास नव्हे. घोडा अठरा हात लांब होता वगैरे भाविकांची भर तिच्यात पुष्कळ आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रात्री गुपचूप निघून जाण्याची कथा स्वीकारलेली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यातून गृहत्यागाचा प्रसंग उभा राहिला आणि सिद्धार्थ घरच्यांशी बोलून, लोकांच्या देखत निघाला, अशी त्यांची मांडणी आहे. पण कंथक आणि छन्न तिथेही आहेत. घोड्याला बाबासाहेबांनी गोष्टीतून काढले नाही.

सांचीला आम्ही एकदा सहलीच्या बसने गेलो होतो. पूर्वेच्या तोरणावर मधली आडवी तुळई आहे, तिच्यावर हा सगळा प्रसंग कोरलेला आहे. काळ इसवी सनापूर्वी पहिले शतक, सातवाहनांचा. त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरत नसत. मग शिल्पकाराने काय केले? कपिलवस्तूच्या वेशीतून सजवलेला घोडा निघालेला दाखवला, पाठ रिकामी, आणि त्या रिकाम्या पाठीवर छत्र धरले. तोच घोडा पुन्हा, पुन्हा, जरा जरा पुढे गेलेला. शेवटी उजव्या टोकाला छत्राखाली नुसती पावले. आणि खालच्या अंगाला घोडा परत फिरला आहे, आता त्याच्यावर छत्र नाही. स्वार कुठेच दिसत नाही, पण तो कधी होता आणि कधी उतरला हे साज आणि छत्र यांवरून अडाण्यालाही कळते. आम्ही तिथे उभे राहिलो ते बस सुटायची वेळ झाली तरी हललो नाही. गाईडने सांगितले की दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी हे काम केल्याचा लेख आहे. कामगाराचे नाव राजाच्या शेजारी कोरलेले बघून बरे वाटले.

इतके लांब जायचे नसेल तर कार्ल्याला जा. तिथल्या चैत्यगृहात खांबांच्या माथ्यावर मधल्या दालनाकडे तोंड करून हत्ती बसले आहेत, आणि खांबाच्या मागे, प्रदक्षिणेच्या वाटेकडे, घोडे आहेत. पुष्कळ लोक हत्ती बघून परत येतात, मागे कुणी जात नाही. बेडशाच्या ओसरीतल्या खांबांवरही घोडे आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत.

आणि रोज खिशात असतो तो घोडा? सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावर सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत हत्ती, बैल, घोडा आणि सिंह, आणि त्यांच्या मधे मधे चक्रे. २६ जानेवारी १९५० पासून ती आपली राजमुद्रा. नाण्यावर नीट बघा, मधल्या चक्राच्या डावीकडे घोडा धावतो आहे आणि उजवीकडे बैल. त्या घोड्याला ना जीन, ना लगाम, ना झूल. सम्राटाचा घोडा, पण उघडा. सांचीत साज आहे आणि सारनाथला नाही. तेव्हा साज असलाच पाहिजे किंवा नसलाच पाहिजे, असे धम्माच्या नावाने कुणी सांगू नये, एवढेच आम्ही त्या बैठकीतल्या बांधवाला सांगू इच्छितो.

रिकाम्या पाठीचा घोडा पुढेही या मुलखात राहिला. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दोन अश्व असतात. एकावर ध्वज घेतलेला स्वार, आणि दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. पालखी धर्मपुरीजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि सदाशिवनगर, खुडूस, वाखरी इथे रिंगण होते. मोहरमला शिया लोकांच्या जुलुसात इमाम हुसेन यांच्या घोड्याची आठवण म्हणून रिकाम्या जिनाचा घोडा निघतो, त्याच्यावर पांढरी चादर आणि तिच्यावर लाल डाग. आम्हाला वारी करायची नाही आणि मातमही नाही. पण गेलेल्या माणसाची जागा घोड्याच्या पाठीवर राखायची, ही रीत सांचीच्या दगडावर दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहे, हे लक्षात ठेवावे.

मराठेशाहीबद्दल थोडक्यात. आपली भीमा नदी आणि तिच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे प्रसिद्ध. बुटकी, काटक, थोड्या चाऱ्यावर चालणारी. शिवाजी महाराजांच्या घोडदळात सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. दोघांचेही बळ वेगात होते, म्हणून लोखंडी पाखरेचे ओझे या तट्टांवर शोभले नसते. झुलींचा डामडौल वाढला तो पुढे सरदारांच्या स्वाऱ्या निघू लागल्या तेव्हा.

आता अवघड भाग. झूल कुणी शिवावी आणि कुणी वापरावी, हा.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, मग त्याचे तोंड लागलेल्या धोट्याला दुसरे कसे तोंड लावणार, हे कारण. कमाई विणकामात जास्त होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. म्हणजे मखमल विणायची बंदी. आणि नेसायची? १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात, जे लाहोरला व्हायचे होते आणि होऊ दिले नाही, त्यात बाबासाहेबांनी १९२८ सालची इंदूर जिल्ह्यातल्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. सवर्णांनी बलायांना जी बंधने घातली त्यांतली पहिली दोन कापडाचीच होती. जरीकाठी पागोटे घालायचे नाही, आणि रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. पाटलाचा हुकूम, कारण एक बोट रुंदीचा काठ!

वरातीचे तसेच. मे १९८० मध्ये कुमाऊँच्या डोंगरातल्या कफल्टा गावात नवऱ्या मुलाने देवळापुढे डोलीतून खाली उतरावे म्हणून वाद झाला आणि १४ दलित मारले गेले. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका तरुणाला आपली वरात गावातून नेण्यासाठी महिनोन् महिने अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या आणि शेवटी पोलिसांच्या गराड्यात ती निघाली.

कायदा काय म्हणतो हे आमच्या तरुणांनी पाठच करावे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचे, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कलम ४ बघा. दागिने आणि उंची वस्त्रे-साज वापरायला अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा गुन्हा आहे, आणि मिरवणूक काढायला अडवणे हाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात लग्नाची वरात काढायला किंवा वरातीत घोड्यावर बसायला अडवणे हे शब्द सरळ लिहिले आहेत. देशाच्या कायद्यात वरातीचा घोडा लिहावा लागला, यावरूनच काय ते समजावे.

आणि आता आपली निळी झूल. ती आमच्या डोळ्यांदेखत शिवली गेली. साल १९७८, आम्ही तेव्हा आठेक वर्षांचे.

गल्लीतल्या एका मुलाचे लग्न ठरले. मुलगा आमच्या आबांबरोबर गिरणीत कामाला होता. घोड्यावरून वरात काढायची हौस. शहरातल्या एका घोडेवाल्याला विसार दिला. त्याने पैसे घेतले आणि मग म्हणाला, "घोडं न्या. झूल मिळायची नाही. तुमच्या वरातीत घातलेली झूल पुढचं गिऱ्हाईक घेत नाही." घोडा चालतो आणि कापड चालत नाही! शहरात हे. खेड्यात नव्हे. आबा घरी येऊन काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. पुरुष मंडळी चावडीवर जमली. कुणी म्हणाले विसार परत घ्या, कुणी म्हणाले दोन हात करू, कुणी म्हणाले पायीच वरात काढू, काय बिघडते.

बायका विहाराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांतल्या एकजणी उठल्या आणि म्हणाल्या, "झूलच पायजे ना? मग शिवू की. त्यात भांडायचं काय हाय?" त्या म्हणजे आजच्या आक्का. तेव्हा त्यांना गल्लीत येऊन दोन-तीन वर्षेच झाली होती.

गिरणीच्या दुकानात तुकड्यांचे कापड किलोवर मिळायचे. त्यातून निळे पॉपलीन आणले. अस्तराला एक जुनी सोलापुरी चादर घेतली, तीच मयूरपंखाची, म्हणून झूल उलटी केली की आतून मोर दिसतात. मगजीला लाल कापड. झालर सुताच्या कोनावरल्या उरल्यासुरल्या धाग्याची. गोंडे पोरांनी वळले, त्यांतले दोन आम्ही. गल्लीत एकच शिलाई मशीन होते, ते दोन रात्री बंद झाले नाही.

माप कुणाला ठाऊक? तेव्हा एक म्हातारे मुसलमान टांगेवाले मदतीला आले. त्यांनी आपला टांग्याचा घोडाच गल्लीत आणून उभा केला. सुतळीने माप घेऊन दिले. छातीपाशी कापड जोडू नका, बंद लावा, नाहीतर घोड्याचे पाय अडकतील, असे सांगितले. खालच्या कडेत बारीक शिसे घाला, म्हणजे वाऱ्याने उडून जनावर बुजणार नाही, हेही त्यांचेच. आणि शेवटी म्हणाले, "त्या माणसाचा घोडा कशाला? हाच घेऊन जा." विसार बुडाला, पण वरात टांग्याच्या घोड्यावरून निघाली. घोडा पांढरा नव्हता, तांबडा होता, आणि एका डोळ्याने अधू. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली तेव्हा तो जरा मागे सरला, मग मानेला हात फिरवल्यावर चालू लागला. नवरा मुलगा मात्र घाबरून दोन्ही हातांनी आयाळ धरून बसला होता, फोटोत तसेच आले आहे.

चक्राची एक गंमत आहे. त्याला आऱ्या चोवीस पाहिजेत, आहेत बावीस. पुढे कुणीतरी पोरांना सांगितले की बावीस प्रतिज्ञा म्हणून बावीस आऱ्या. ऐकायला चांगले आहे. खरे कारण, पहाटे तीनला पांढरी फीत संपली आणि दुकाने बंद होती.

त्यानंतर गल्लीतल्या वरातींना हीच झूल जाऊ लागली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही घोड्यावर असायची. पेटीतल्या रजिस्टरात नोंदी आहेत : झूल नेली, झूल आणली, गोंडा एक तुटला, सही. शेवटची नोंद १९९३ ची. त्यानंतर गिरण्यांची घरघर सुरू झाली, एकेक खाते बंद पडत गेले. आम्ही स्वतः टॉवेलच्या कारखान्यात लागलो. वराती राहिल्याच, पण जीपवरून. मग घोडेवालेही नरमले. आज कुणीही पैसे टाकले की मखमली झुलीसकट घोडा दारात येतो. कुणाच्या पाठीवर कुणाची झूल, हे सोलापूर शहरात आता कुणी विचारत नाही.

तरुणांचा आग्रह आहे की यंदाच्या मिरवणुकीत ही झूल घोड्यावर घालावी. आमचा विरोध आहे, आणि तो दोन कारणांनी. कापड जुने, एका ओढीत फाटेल. दुसरे म्हणजे घोडा. एप्रिलमध्ये सोलापूरचे ऊन चाळीसच्या वर असते. त्यात मोठ्या आवाजाची गाणी, त्यावर अस्तराची झूल आणि सहा-सात तास रस्ता. खोगीर घाम धरते, पण घाम जनावराचाच ना? कंथकाची कसणी एका रात्रीची होती. घोडा आणायचाच असेल तर सावली पडल्यावर आणा, तासाभराने पाणी पाजा आणि सोडून द्या. हे बैठकीत मांडले तेव्हा पोरे थोडी हिरमुसली, पण ऐकून घेतले.

झूल ठेवायची की नाही या प्रश्नावर मत घ्यायची वेळ आलीच नाही. ज्यांनी प्रश्न काढला होता त्या बांधवांनीच आक्कांकडून ही हकीकत ऐकली आणि घरून डांबराच्या गोळ्यांची पुडी आणून दिली. त्यांच्या वडिलांची वरातही याच झुलीवरून निघाली होती, रजिस्टरात सही आहे. त्यांना माहीत नव्हते.

आक्कांनी झूल उन्हात न टाकता सावलीत वाळवली, तुटलेले गोंडे बांधले, मगजी जिथे उसवली होती तिथे टाके घातले. परवा आम्हाला विचारत होत्या, "आता फीत काय कुठंबी मिळती. त्या दोन आऱ्या लावून टाकू का?" आम्ही नको म्हणालो.